फिरतं तारांगण शाळेत येतंय : घुमटात नक्की काय शिकवावं?

भूगोलवाली

पुढच्या महिन्यात आमच्या शाळेत फिरतं तारांगण येणार आहे. हवेने फुगणारा घुमट, आत प्रोजेक्टर, एका वेळी साधारण तीस मुलं. सहावी ते आठवीचे वर्ग, प्रत्येक तुकडीला पाऊण तास. आणणाऱ्या मंडळींनी दोन पर्याय दिलेत. एक म्हणजे तयार फिल्म : ग्रहमालेची सफर, कृष्णविवरं, डायनासोर संपवणारी धडक वगैरे. दुसरा म्हणजे त्यांचा माणूस आत बसून थेट आकाश दाखवेल आणि मुलांशी बोलेल. शिक्षकखोलीत बहुतेकांचा कल फिल्मकडे आहे. मुलं खूश होतात, शांत बसतात आणि सगळं वेळेवर आटपतं.

मी थेट आकाशाच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण वर्गातलं आहे. ऋतू शिकवताना मी फळ्यावर कललेली पृथ्वी काढते. मुलं ती आकृती हुबेहूब उतरवून घेतात, बाण-नावं सगळं बरोबर. परीक्षा होऊन गेल्यावर सहज विचारलं की उन्हाळा का येतो, तर उत्तर ठरलेलं : "सूर्य जवळ येतो म्हणून." आकृतीतली पृथ्वी आपण अवकाशात उभं राहून पाहतो आणि आकाश पाहतो जमिनीवरून. या दोन दृश्यांची सांगड मुलांच्या मनात बसतच नाही. ती बसवण्यासाठी घुमटासारखी जागा नाही असं मला वाटतं. फिल्म मुलांना पुन्हा अवकाशातच नेऊन ठेवते.

ज्यांनी घुमट चालवलाय किंवा शाळेत आणलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पाऊण तासात काय घ्यावं, काय सोडावं? आधी आणि नंतर वर्गात काय करावं?

निळीशाई

थोडं विरुद्ध लिहितो, राग मानू नका. स्टेलॅरियम हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. वर्गातल्या प्रोजेक्टरवर लावा, तेच तारे, तेच ग्रह, वेळ हवी तशी पुढे-मागे. घुमट उभा करा, मुलांच्या रांगा लावा, दिवसभर तासिका बुडवा, हे सगळं कशासाठी? पडदा वाकडा आहे एवढाच फरक.

कोनमापक

निळीशाई, फरक पडद्याच्या आकाराचा नाही, मुलाच्या मानेचा आहे. सपाट पडद्यावर सूर्य डावीकडून उजवीकडे जातो आणि मूल समोर बघत बसतं. घुमटात त्याला पूर्वेकडे तोंड करावं लागतं, मग मान वर, मग मागे वळून पश्चिम. क्षितिज त्याच्या सगळ्या बाजूंनी असतं. "खस्वस्तिक म्हणजे डोक्यावरचा बिंदू" ही व्याख्या राहत नाही, तिथे प्रत्यक्ष बोट दाखवता येतं. आकाशातली सगळी मोजमापं कोनांची आहेत, आणि कोन कळायला आपण त्याच्या मध्यभागी असावं लागतं.

एक प्रयोग जरूर करा. हात सरळ ताणून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते, करंगळीचं टोक १ अंश. ध्रुवतारा क्षितिजापासून किती मुठी वर आहे ते मुलांना मोजू द्या. मग चालकाला सांगा, उत्तरेकडे प्रवास सुरू करा. ध्रुवतारा वर वर चढत जातो. थांबवा, पुन्हा मोजा. दोन-तीन वेळा झालं की कोणीतरी ओरडतंच, "अक्षांश आणि मुठी सारख्याच निघतायत!" हे वाक्य आपण सांगायचं नाही, मुलांकडून येऊ द्यायचं.

शून्यप्रहर

विषुववृत्तावर ध्रुवतारा क्षितिजावर आणि उत्तर ध्रुवावर थेट डोक्यावर. लहानपणी हे पाठ केलं होतं. घुमटात पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला.

घुमटवाला

भूगोलवाली ताई, मी बरीच वर्षं हे काम करतोय. दोन्ही प्रकार चालवलेत, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी जागेचं बोलू, कारण ऐन वेळी अडतं ते तिथेच. पाच मीटर व्यासाच्या घुमटाला सव्वातीन-साडेतीन मीटर उंची लागते, वर थोडी मोकळी जागा, आणि खाली सपाट, कोरडी जमीन. छताचे पंखे आणि लटकलेले दिवे पाहून ठेवा. पंखा (आम्ही ब्लोअर म्हणतो) सतत चालू असतो, त्याच्या हवेवरच घुमट उभा राहतो. वीज गेली तर घुमट एकदम कोसळत नाही, कापड हळूहळू खाली येतं आणि हलकं असतं. तरी मोठ्या चेन असलेलं दार पूर्ण उघडून मुलांना शांतपणे बाहेर कसं काढायचं, हे पहिल्याच मिनिटाला सांगायचं. चालकाने ते सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. कापड अग्निरोधक आहे का, तेही विचारा.

दुसरं, उकाडा. शांत बसलेलं मूलसुद्धा साठ-सत्तर वॉट उष्णता देतं. तीस मुलं म्हणजे दोन किलोवॅटचा हीटर आत लावल्यासारखं, वर प्रोजेक्टर वेगळा. दोन खेळांच्या मध्ये दहा मिनिटं दार उघडं ठेवून हवा बदलू द्या. तुकड्यांचं वेळापत्रक चिकटून लावू नका. शेवटच्या तुकडीची मुलं पेंगतात ती विषय कंटाळवाणा असतो म्हणून नव्हे.

तिसरं, डोळे. उन्हातून मूल थेट आत आलं की त्याला काहीच दिसत नाही. डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ आपल्याकडे नसतो. म्हणून मी सुरुवात संध्याकाळपासून करतो. सूर्य मावळतीला आहे, हळूहळू काळोख होतोय, पहिली चांदणी कोणाला दिसते बघू. यात पाच मिनिटं जातात पण वाया जात नाहीत. मुलं आपोआप गप्प होतात आणि आकाश शोधायला लागतात.

आता फिल्म की थेट आकाश. फिल्ममध्ये मूल प्रश्न विचारू शकत नाही. माझ्या मते एवढं एकच कारण पुरेसं आहे. मात्र थेट आकाश चालवणारा माणूस तयारीचा हवा. नुसतं "हा मृग, हा व्याध, ही रोहिणी" असं पाऊण तास बोलणारा असेल तर मुलांना ती नावांची यादीच वाटते, आणि मग फिल्म बरी.

एक किस्सा. एका छोट्या मुलीने विचारलं होतं, "काका, पंखा बंद केला तर आकाश खाली येईल?" सगळे हसले. मी म्हटलं, हो, हे येईल. मग तिचाच पुढचा प्रश्न : "मग वरचं खरं आकाश कशावर टेकलंय?" त्या दिवशी ठरवलेलं सगळं बाजूला ठेवून आम्ही त्यावरच बोललो.

पूर्वरंग

घुमटवाला, त्या मुलीचा प्रश्न वाचून दिवस सार्थकी लागला. माणसाने हजारो वर्षं हाच प्रश्न विचारला आहे, म्हणून तर आकाशाचे स्फटिकाचे गोल कल्पिले गेले.

उत्तररात्र

मी कट्टर आकाशनिरीक्षक आहे, त्यामुळे माझी तक्रार वेगळी. घुमटातलं आकाश फार सुंदर असतं. आकाशगंगा झळझळीत, तारे खचाखच. मूल त्या रात्री घराबाहेर येऊन वर बघतं तर दहा-पंधरा तारे. त्याला वाटतं आपली फसवणूक झाली, किंवा आपल्या वाट्याचं आकाश कमअस्सल आहे. एका मुलाने मला स्पष्ट विचारलं होतं, "काका, ते आतलं खरं होतं की हे?"

खरं म्हणजे अगदी काळोख्या जागेहूनही एका वेळी नुसत्या डोळ्यांनी दोन-तीन हजारच तारे दिसतात. घुमटात याहून जास्त दाखवले तर ते आकाश राहत नाही, सजावट होते.

कोनमापक

उत्तररात्र, मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि त्यावर उपायही त्याच यंत्रात आहे. स्टेलॅरियममध्ये प्रकाशप्रदूषणाची पातळी बदलता येते. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये काळोखाची १ ते ९ अशी श्रेणी मांडली, तिचा आधार घेता येतो. सुरुवात नवव्या पायरीपासून करायची : मुलांच्या ओळखीचं, फिकट, चार तारे असलेलं आकाश. त्यात जे दिसतंय ते आधी ओळखायचं. मग म्हणायचं, आता सगळे दिवे विझवू या. एकेक पायरी खाली. पहिल्या पायरीला आलं की मुलं अक्षरशः श्वास रोखतात. मग पुन्हा दिवे लावत नवव्या पायरीवर यायचं, आणि मगाशी ओळखलेले तारे परत शोधायचे. बाहेर पडताना मुलाच्या मनात ओळखीचं आकाश असतं, आणि मधलं कुठे गेलं तेही त्याला माहीत असतं.

उत्तररात्र

हे मी कुठे पाहिलं नव्हतं. असं करत असतील तर माझा विरोध निम्मा मावळला. उरलेला निम्मा : घुमट झाल्यावर महिन्याभरात एक तरी खरी रात्र हवीच.

आठवीची_आई

माझ्या मुलीच्या शाळेत फिल्मवालं तारांगण आलं होतं. घरी येऊन तिने सांगितलं, "आई, मला गरगरलं पण मज्जा आली, आम्ही शनीच्या कड्यांतून गेलो." आणखी काय पाहिलं विचारलं तर आठवेना. गरगरण्यावर काही उपाय आहे का? तिला बसमध्येही त्रास होतो.

घुमटवाला

आई, गरगरतं ते सगळं दृश्य एकदम फिरवल्यामुळे. शरीर स्थिर आणि डोळ्यांना मात्र सगळं जग हलताना दिसतं. थेट आकाशात हे बरंच टाळता येतं. वेळ पुढे नेताना क्षितिज स्थिर ठेवायचं, फक्त तारे सरकू द्यायचे, तेही सावकाश. दिशा बदलायची असेल तर आधी सांगायचं, "डोळे मिटा, तीन म्हटलं की उघडा." ज्यांना बसमध्ये त्रास होतो त्यांना मध्याजवळ बसवा. कडेला बसलेल्याला जवळची बाजू ताणलेली दिसते. कोनमापक यांची मूठ-मोजणीही म्हणूनच मध्याजवळ बरोबर येते, कडेला चुकते. मोजायच्या वेळी मुलांना गटागटाने मध्ये आणा.

जुनं_यंत्र

इतिहासाचं थोडं. विषयांतर वाटेल, पण तसं नाही. माणसाला आत बसवून आकाश फिरवण्याची कल्पना प्रोजेक्टरच्या फार आधीची आहे. सतराव्या शतकात जर्मनीतल्या गॉटॉर्फला तीन मीटरहून थोडा जास्त व्यासाचा पोकळ गोल बांधला. आत बाक होतं, आतल्या बाजूला तारे रंगवलेले. १९१३ मध्ये शिकागोत वॉलेस अ‍ॅटवुड यांनी साडेचार मीटरचा पत्र्याचा गोल केला. त्याला ६९२ बारीक भोकं पाडली आणि बाहेरच्या उजेडाने ती ताऱ्यांसारखी चमकत. प्रकाशझोताने घुमटावर आकाश पाडणारं पहिलं यंत्र झाइस कंपनीच्या वाल्थर बाउअर्सफेल्ड यांचं. ऑक्टोबर १९२३ मध्ये म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये ते दाखवलं गेलं. १९४०च्या दशकात आर्मंड स्पिट्झ यांनी बारा पंचकोनी बाजूंच्या भोकं पाडलेल्या डब्यात दिवा ठेवून कमी खर्चाचं यंत्र केलं, आणि तारांगण शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोचलं. १९७०च्या दशकात फिलिप सॅडलर या शिक्षकाने फुगवता येणारा घुमट आणि भोकांचा दंडगोल एकत्र आणले, त्याचं नाव स्टारलॅब. आज शाळाशाळांत जे घुमट फिरतात ते त्याच वंशातले.

हे सांगायचं कारण : यातल्या प्रत्येकात मूळ कल्पना एकच होती, पाहणारा जमिनीवर आणि आकाश त्याच्याभोवती. अवकाशातून उडत जाण्याची सोय डिजिटल प्रोजेक्टर आल्यावर झाली. ती वाईट नाही, पण घुमटाचं जे खास आहे ते जुन्याच कामात आहे. भूगोलवाली ताईंचं म्हणणं मला म्हणून पटतं.

निळीशाई

जुनं_यंत्र, छान माहिती. पण जुनं म्हणजे चांगलं असं नाही ना. मुलं घुमटात शिकतात याला पुरावा काय? खूश होतात हे मान्य.

जुनं_यंत्र

योग्य प्रश्न. दोन गोष्टी सांगतो.

१९८७ मध्ये हार्वर्डच्या पदवीदानाच्या दिवशी विद्यार्थी, प्राध्यापक वगैरे मिळून २३ जणांना ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात, हे विचारलं गेलं. २१ जणांची उत्तरं चुकली. विचारणाऱ्या गटात हेच सॅडलर होते. म्हणजे भूगोलवाली ताईंच्या वर्गात जे घडतं ते जगभर घडतं, आणि हुशारीचा त्याच्याशी संबंध नाही. मनात आधीपासून बसलेली कल्पना नुसत्या आकृतीने हलत नाही.

दुसरं, तारांगणावर संशोधन झालेलं आहे. १९८२ मध्ये मॅलन आणि ब्रूस यांनी दोन प्रकारांची तुलना केली : एकात मुलं नुसती बघतात, दुसऱ्यात मुलांना प्रश्न, अंदाज, कृती. दुसऱ्या प्रकारात मुलं जास्त शिकली. तेव्हा प्रश्न घुमट की सपाट पडदा एवढाच नाही. घुमटात मुलं काय करतात हा आहे.

निळीशाई

हे पटलं. मग घुमटाइतकाच चालकही पारखून घ्यायला हवा.

मृगनक्षत्र

मी विज्ञान शिकवते आणि ऋतूंचा पाठ घुमटात घेतला आहे, म्हणून लिहिते.

आत गेल्यावर पहिलाच प्रश्न : "आज सूर्य कुठे उगवला? बोट दाखवा." सगळी बोटं पूर्वेला, ठाम. मग तारीख २१ डिसेंबर. सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो. २१ जून, उत्तरेला. बरोबर पूर्वेला फक्त मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारास. मुलं थक्क होतात, कारण "सूर्य पूर्वेला उगवतो" हे त्यांनी पहिलीपासून ऐकलेलं असतं. मग मध्यान्ह. जून आणि डिसेंबरमधल्या मध्यान्हीच्या सूर्याच्या जागांत ४७ अंशांचं, म्हणजे जवळपास पाच मुठींचं अंतर असतं. ते मुलंच मोजतात. आणि दिवस किती तासांचा तेही घड्याळ लावून बघतात.

एवढं झाल्यावर मी विचारते, "सूर्य जवळ आल्याने उन्हाळा होतो म्हणणारे कोण?" बरेच हात वर होतात. मग सांगते की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला, १५.२ कोटींवर. शांतता. उत्तर गोलार्धात जानेवारीत तर थंडी! इथे मी उत्तर देत नाही. त्यांना आत्ताच पाहिलेलं आठवायला लावते : सूर्य किती उंच होता, किती वेळ होता. उत्तर त्यांच्याकडूनच येतं. फळ्यावरची कललेली पृथ्वी त्यानंतर, वर्गात. क्रम उलटा केल्यापासून आकृती मुलांना समजते, नुसती पाठ होत नाही.

भूगोलवाली

मृगनक्षत्र, हा क्रम उलटा करण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आलाच नव्हता. मी आधी वर्गात आकृती शिकवून मग घुमटात "दाखवणार" होते. आता बदलते. चंद्राच्या कलाही घेऊ का त्याच तासात?

मृगनक्षत्र

दोन्ही घेऊ नका. एका तासाला एकच मोठी कल्पना. ऋतू घेतले तर कला दुसऱ्या तुकडीला द्या, आणि नंतर मुलांना एकमेकांना शिकवू द्या.

घुमटवाला

कलांबद्दल थोडं. घुमटात कलांचा अर्धाच भाग चांगला होतो. सूर्यास्ताची वेळ धरून रोज एकेक दिवस पुढे जायचं. चंद्रकोर पश्चिमेला, मग दिवसागणिक पूर्वेकडे सरकत मोठी होत जाते, अष्टमीच्या सुमाराला मध्यावर अर्धी, पौर्णिमेला सूर्य मावळताना पूर्वेला पूर्ण चंद्र उगवतो. चंद्र ताऱ्यांमधून रोज सुमारे १३ अंश सरकतो, हेही मुठीने मोजता येतं. कला आणि आकाशातलं सूर्यापासूनचं अंतर यांचा संबंध इथे उघड दिसतो, आणि "पृथ्वीच्या सावलीमुळे कला होतात" हे नेहमीचं चुकीचं उत्तर मुलं स्वतःच सोडून देतात. सूर्याच्या इतक्या जवळच्या कोरीवर पृथ्वीची सावली पडेल कुठून?

पण चेंडू आणि दिव्याचा प्रयोग वर्गात करा, घुमटात नको. घुमटाचं कापड उजेड सगळीकडे परतवतं, त्यामुळे चेंडूची काळी बाजू काळी राहत नाही. बंद खिडक्यांची खोली आणि एकच दिवा सगळ्यांत उत्तम.

आणखी एक. आमच्या प्रोजेक्टरवर चंद्र मुद्दाम मोठा करून दाखवावा लागतो. साध्या प्रोजेक्टरच्या चित्राची उंची १०८० ठिपके, ती १८० अंशांवर पसरली की एका अंशाला सहा ठिपके. चंद्र आकाशात अर्धाच अंश, म्हणजे तीन ठिपक्यांचा! तीन ठिपक्यांत कोर कशी दिसणार? चंद्र मोठा केलाय हे मुलांना सांगायचंच, नाहीतर खऱ्या चंद्रापुढे करंगळी धरून तो अख्खा झाकला जातो हे पाहिल्यावर त्यांचा गोंधळ उडतो.

शून्यप्रहर

तीन ठिपके! यापुढे घुमटात गेलो की हेच आठवणार.

लाल_टॉर्च

इतकी चर्चा झाली, पण एक गोष्ट कोणी बोललं नाही. सगळी मुलं आत जाऊ शकतील का? काही घुमटांना रांगत जायचं बोगद्यासारखं दार असतं. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या मुलासाठी मोठं दार आहे का, हे आजच विचारा, त्या दिवशी नको. माझ्या भाच्याला अंधाराची भीती वाटते. त्याच्या शिक्षिकेने त्याला आदल्या तुकडीच्या वेळी उजेडात आत नेऊन आणलं, नंतर दाराशी बसवलं, केव्हाही बाहेर जाता येईल असं सांगितलं. तो शेवटपर्यंत बसला.

ऐकू न येणारी मुलं असतील तर बोलणं काळोखाच्या आधी, आणि खुणांची भाषा करणाऱ्यावर मंद लाल दिवा. लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे फारसे बिघडत नाहीत. दृष्टिहीन मुलांसाठी उठावदार ताऱ्यांचे अर्धगोल करता येतात. २००९ या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्षात स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया विद्यापीठाच्या मंडळींनी हातांनी वाचायच्या आकाशाचा कार्यक्रम केला होता. गोल वाडग्यावर डिंकाचे थेंब वाळवूनही सप्तर्षी आणि शर्मिष्ठा करता येतात. डोळसांनाही ते चाचपायला दिलं तर आकार पक्का होतो.

भूगोलवाली

लाल_टॉर्च, मनापासून आभार. आमच्याकडे चाकाच्या खुर्चीवरचा एक विद्यार्थी आहे. दाराबद्दल मी विचारलंच नव्हतं.

पूर्वरंग

मुलं राशींबद्दल विचारतील. तयार राहा. त्यासाठी छान युक्ती : सॉफ्टवेअरमध्ये वातावरण (म्हणजे दिवसाच्या आकाशाचा निळा उजेड) बंद करून दिवसाचं आकाश दाखवा. सूर्याच्या मागचे तारे दिसतात. तारखा पुढे सरकवल्या की सूर्य एकामागून एक तारकासमूहांतून जातो, आणि वर्षात बारा नव्हे, तेरा समूह मोजले जातात. डिसेंबरच्या पूर्वार्धात तो भुजंगधारीत असतो. जूनमध्ये मृग का दिसत नाही याचं उत्तरही इथेच सापडतं, तेव्हा सूर्यच त्या बाजूला असतो. वाद घालायची गरज पडत नाही, मुलं पाहतात आणि मोजतात.

आठवीची_आई

जूनमधल्या मृगाचं उत्तर मला आज कळलं. धन्यवाद!

उत्तररात्र

खऱ्या रात्रीसाठी मुलांना एकच काम द्या. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे न्यायचा, स्वाती लागते, आणखी पुढे चित्रा. हिवाळा असेल तर मृगाच्या पट्ट्याची रेघ एका बाजूला व्याधाकडे, दुसऱ्या बाजूला रोहिणीकडे. घुमटात हाच मार्ग बोटाने दोन-तीनदा चालून घ्या. बाहेर एक तारा सापडला की बाकीचे सापडत जातात. आणि ध्रुवतारा सर्वांत तेजस्वी नाही हेही घुमटातच दाखवा. चाळीसहून अधिक तारे त्याच्याहून तेजस्वी आहेत. मुलं बाहेर येऊन सर्वांत झगझगीत चांदणी शोधतात आणि शुक्रालाच ध्रुव म्हणतात.

भूगोलवाली

आज शाळेत बोलणं झालं. तेच मांडलं : फिल्म घरीही बघता येते, घुमटातला प्रश्न घरी विचारता येत नाही. सहावीला काळोखाच्या पायऱ्या आणि ध्रुवताऱ्याच्या मुठी, सातवीला चंद्र, आठवीला ऋतू. प्रत्येक तुकडीला शेवटची दहा मिनिटं फक्त मुलांच्या प्रश्नांसाठी. फिल्म सगळ्यांनाच वगळू नका असा आग्रह झाला, म्हणून पाच मिनिटांचा तुकडा शेवटी ठेवलाय, मुलं उठायच्या आधी. आकृती नंतरच्या आठवड्यात वर्गात. दाराचं विचारलं, मोठं दार आहे.

एक चिंता उरली. नंतरच्या रात्रीच्या कार्यक्रमाला ढग आले तर? सगळ्यांना पुन्हा रात्री बोलावणं जमणार नाही.

उत्तररात्र

मग दिवसाचं आकाश वापरा, ताई. घुमटाची तारीख शुक्ल सप्तमी ते दशमीच्या आसपास धरता आली तर बघा. त्या दिवसांत दुपारनंतर पूर्वेच्या बाजूला चंद्र दिसतो, तोही शाळेच्या वेळेत. मैदानावर नेऊन दोनच गोष्टी विचारा : चंद्राची उजळ बाजू कुठल्या दिशेला आहे, आणि सूर्य कुठल्या दिशेला? सूर्याकडे थेट बघायचं नाही, सावलीवरून दिशा काढायची, हे आधी बजावून ठेवा. दोन-तीन दुपारी मिळतात, एखादी तरी मोकळी निघते.

भूगोलवाली

तारीख अजून पक्की व्हायची आहे. उद्या सकाळी त्यांना फोन करते आणि सप्तमीपासून पुढचा कोणता दिवस मोकळा आहे ते विचारते. ठरलं की इथेच लिहीन.